भक्कम मोटार कोणती ?

(नभोवाणी-भाषण)

मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींच्या आवारांत अजूनहि एखादी ताडपत्री अशी दिसते कीं, तिच्या आकारावरूनच खालीं काय झांकलें आहे हें ओळखतां यावें. ती उचलली म्हणजे आंतून जुनी ‘प्रीमियर पद्मिनी’ निघते. घरांतील मुलगा किंवा सून म्हणते कीं, ही जागा आतां मोकळी करावी. आजोबांना तें पसंत नसतें. ते बॉनेटवर बोटांच्या पेरांनीं दोनदां टकटक करितात आणि म्हणतात, “हा पत्रा बघा, आणि तुमच्या नव्या गाडीचा बघा ! अंगठ्यानें दाबला तर दबतो. उद्यां टक्कर झाली तर माणूस कोणत्या गाडींत वांचेल ?”

आजोबांचा प्रश्न अगदीं योग्य आहे. मोटारीची किंमत, तिची ऐट, तिला लागणारें पेट्रोल हे सर्व प्रश्न त्याच्यामागून यावयाचे. परंतु बॉनेटवरच्या त्या दोन टकटकींतून जें उत्तर मिळाल्यासारखें वाटतें, तें खरें आहे काय, हें पाहणें अगत्याचें आहे. कारण घरांतील माणसें कोणत्या गाडींत, कशीं बसून प्रवासाला निघतात, हें पुष्कळदां अशाच उत्तरांवरून ठरत असतें.

या वादांतील दोन्ही पक्षांची आधीं ओळख करून घेणें बरें. पद्मिनीचें माहेर इटलींतलें आणि सासर मुंबईचें. सोलापूरचे उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं ‘प्रीमियर ऑटोमोबाईल्स’ ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांत आरंभीं अमेरिकन मोटारी जोडल्या जात. पुढें इटलींतील फियाट कंपनीशीं करार झाला आणि ‘अकराशें’ या आंकड्यानें ओळखली जाणारी चार दारांची छोटी मोटार तेथें तयार होऊं लागली. १९६४ सालीं तिची ‘डिलाइट’ नांवाची आवृत्ति निघाली. फियाटचें नांव सुटल्यावर, १९७४ पासून, हीच गाडी चितोडच्या राणीचें नांव घेऊन ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें, तोंपर्यंत तिच्या मूळ आराखड्यांत फारसा पालट झाला नव्हता. एक काळ असा होता कीं, मध्यम स्थितींतील कुटुंबें तिच्यासाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहत आणि ती दारांत आली म्हणजे तिला कुंकू लावून, चाकाखालीं लिंबू ठेवून घरांत घेत.

मुंबईच्या रस्त्यांवर तिनें काळापिवळा वेष घेऊन टॅक्सी म्हणून जी सेवा केली, ती तर सर्वांच्या परिचयाची आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत नोंदली गेली. टॅक्सीचें वय वीस वर्षांहून अधिक असूं नये असा नियम असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईंत पद्मिनी टॅक्सी उरली नाहीं. त्या दिवशीं अनेकांना घरचें माणूस गेल्याप्रमाणें हळहळ वाटली.

हिचें अंतरंग साधें होतें. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचें, चार नळकांड्यांचें; शक्ति सुमारें ४० अश्वांची. पुढील आसन बाकासारखें अखंड असे आणि गिअरचा दांडा जमिनींतून न येतां स्टिअरिंगच्या चाकाखालीं बसविलेला असे. त्यामुळें पुढें तिघे सहज मावत आणि एखादें मूल मांडीवर बसे. चारहि चाकांना ड्रमचे ब्रेक होते. ते दाबावयाला पायांत बळ लागे. मागील बाजूस बैलगाडीवाल्यालाहि ओळखतां याव्यात अशा पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. सकाळीं इंजिन थंड असलें तर चोक ओढावा लागे. उन्हाळ्यांत घाट चढतांना पेट्रोलची नळींतच वाफ होई व गाडी मध्येंच बंद पडे. मग चालक खालीं उतरून पंपावर ओलें फडकें ठेवी, घटकाभर झाडाच्या सावलींत बसे, आणि गाडी पुन्हां चालूं लागे. अशा गाडीच्या मालकाला तिचें शरीरशास्त्र आपोआपच अवगत होई. कार्ब्युरेटर कोठें, प्लग कोठें, पट्टा कां वाजतो, हें तो डोळे मिटून सांगूं शके.

आतां नव्या पक्षाकडे वळूं जातां एक गमतीचा योगायोग दृष्टीस पडतो. टाटा मोटर्सची ‘नेक्सॉन’ ही मोटार २०१७ सालीं बाजारांत आली. ती पुणें जिल्ह्यांतील रांजणगांव येथें, टाटा आणि फियाट यांच्या भागीदारींतल्या कारखान्यांत तयार होऊं लागली. म्हणजे कुर्ल्याच्या पद्मिनीशीं तिचें दूरचें कां होईना, नातें लागतें. या दोघींची तुलना म्हणूनच दोन परक्यांची तुलना नव्हे. ती एका घराण्यांतील आजीची आणि नातीची तुलना आहे.

नेक्सॉनचें पहिलें पेट्रोल-इंजिन सुमारें १२०० घनसेंटिमीटरांचें होतें. म्हणजे आकारानें पद्मिनीच्या इंजिनाहून थोडेंच मोठें. नळकांडीं मात्र चारांच्या ऐवजीं तीनच. तरीहि त्याची शक्ति ११० अश्वांची, पद्मिनीच्या अडीचपटीहून अधिक. याचें कारण असें कीं, बाहेर टाकून द्यावयाच्या धुराच्या जोरावर एक छोटें चक्र फिरवून इंजिनांत हवा दाबून भरली जाते, आणि किती पेट्रोल केव्हां द्यावयाचें हें कार्ब्युरेटरच्या ढोबळ अंदाजावर न सोंपवितां संगणक क्षणाक्षणाला ठरवितो. पुढील चाकांना चकतीचे ब्रेक आहेत. ब्रेक जोरानें दाबला असतां चाक जखडूं लागलें, तर यंत्रणा तें क्षणभर सोडते व पुन्हां धरते. त्यामुळें ओल्या रस्त्यावर गाडी घसरत न जातां चालकाच्या हातीं राहते. चालकाच्या व त्याच्या शेजाऱ्याच्या समोर हवेच्या पिशव्या घडी घालून ठेवलेल्या आहेत. तथापि आजोबांची तक्रार कायमच राहते : पत्रा पातळ आहे.

आणि त्यांच्या तक्रारीला अनुभवाचा आधार नाहीं असें नाहीं. गल्लींत गाडी मागें घेतांना पद्मिनीचा क्रोमचा बंपर खांबावर आपटला तर खांबाचाच रंग उडे. नवी मोटार तेवढ्याच धक्क्यानें पोंचते, दिवा फुटतो, आणि दुरुस्तीचें बिल पाहून मालकाच्या डोळ्यांत पाणी येतें. हळू वेगाच्या धक्क्यांत जुनी गाडी जिंकते, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु या अनुभवावरून जो पुढचा निष्कर्ष काढला जातो, कीं मोठ्या वेगाच्या टकरींतहि तीच जिंकेल, तो मात्र तपासून पाहिलेला नसतो. पाहणार तरी कसा ? दोन गाड्या घेऊन त्या मुद्दाम एकमेकींवर आदळावयाच्या, हें कोण करणार ?

हें अमेरिकेंत २००९ सालीं खरोखरच करण्यांत आलें. मोटारींच्या विमा कंपन्यांनीं चालविलेली ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ ही संस्था तेथें १९५९ सालीं स्थापन झाली. तिला पन्नास वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां या पन्नास वर्षांत मोटार किती सुधारली हें लोकांना डोळ्यांनीं दाखवावें असें तिच्या चालकांनीं ठरविलें. त्यांनीं १९५९ सालची शेव्हरोलेट ‘बेल एअर’ आणि त्याच कंपनीची २००९ सालची ‘मॅलिबू’ अशा दोन गाड्या निवडल्या. बेल एअर म्हणजे अमेरिकन वैभवाचा नमुना; लांबरुंद, पाठीमागें पंख पसरल्यासारखा पत्रा, जागजागीं चकाकणारें क्रोम. मॅलिबू लांबीनें कमी आणि दिसावयाला अगदीं सामान्य. वजनानें दोघी जवळजवळ सारख्या. दोन्ही गाड्यांत चालकाच्या जागीं माणसाच्या मापाचे पुतळे बसविले. त्या पुतळ्यांच्या डोक्यांत, छातींत व पायांत किती मार बसतो हें मोजणारीं यंत्रें होतीं. मग दोन्ही गाड्या प्रत्येकीं ताशीं ४० मैल, म्हणजे सुमारें ६४ किलोमीटर, वेगानें समोरासमोर सोडण्यांत आल्या. आणि रस्त्यावर बहुधा घडतें त्याप्रमाणें, पूर्ण तोंडावर तोंड न येतां चालकाच्या बाजूचा भाग भागावर आदळेल अशी योजना केली.

जुन्या गाडीच्या अभिमान्यांची अपेक्षा अशी होती कीं, बेल एअर मॅलिबूला चिरडून पलीकडे जाईल. झालें तें उलट. बेल एअरचा पुढील भाग तर गेलाच, परंतु माणसें बसावयाची खोलीहि कोलमडली. समोरची कांच निखळली, आणि स्टिअरिंगचें चाक मागें सरकून पुतळ्यावर आलें. त्या जागीं जिवंत माणूस असता तर तो वांचणें दुरापास्त होतें. मॅलिबूचें नाकहि पूर्णपणें चुरगळलें, परंतु आंतील खोली जशीच्या तशी राहिली. तिच्या चालकाला फार तर पायाला इजा झाली असती. चित्रफीत प्रसिद्ध झाल्यावर शंकाहि पुष्कळ निघाल्या. जुनी गाडी गंजलेली असावी, तिचें इंजिन काढून घेतलें असावें, असें लोक म्हणूं लागले. वस्तुतः इंजिन जागेवरच होतें आणि गाडीचा सांगाडाहि धड होता. लोकांना जें पचविणें जड गेलें तें इतकेंच कीं, एवढा जाड पत्रा माणसाच्या कामीं आला नाहीं.

तो कां आला नाहीं, हें समजावयाला मोठ्या गणिताची आवश्यकता नाहीं. ताशीं ६४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १८ मीटर. उंचावरून पडणाऱ्या वस्तूला हा वेग यावयाचा तर ती सुमारें १६ मीटरांवरून पडावी लागते. म्हणजे पांच मजली इमारतीच्या गच्चीवरून. मोटारींत बसलेला मनुष्य या वेगानें जात असतां त्याला भीति वाटत नाहीं, कारण आसन मऊ असतें आणि बाहेरचीं झाडें हळू सरकतांना दिसतात. परंतु गाडी एकाएकीं थांबली तर त्याच्या शरीराला त्या पांच मजल्यांचा हिशेब चुकता करावा लागतो. प्रश्न एवढाच उरतो कीं, तो किती अंतरांत चुकता करावयाचा.

क्रिकेटच्या मैदानावर जोरानें येणारा चेंडू झेलतांना कोणताहि क्षेत्ररक्षक हात ताठ धरीत नाहीं. चेंडू हातांत येतांच तो हात मागें घेतो. चेंडूचा वेग तोच, परंतु तो थांबावयाला वीतभर अधिक अंतर मिळालें म्हणजे तळहात फाटत नाहीं. मोटारीचेंहि तसेंच आहे. या वेगांतील शरीर १० सेंटिमीटरांत थांबलें, तर त्यावर स्वतःच्या वजनाच्या सरासरी १६० पट भार येतो. साठ किलो वजनाच्या माणसावर हा भार साडेनऊ टनांच्या आसपास जातो. तेंच शरीर ६० सेंटिमीटरांत थांबलें तर भार २७ पटींवर, म्हणजे सुमारें दीड टनावर, उतरतो. तोहि भयंकरच, पण पट्ट्यानें तो खांदा, छाती आणि कमरेच्या हाडांवर वाटला गेला, तर निरोगी शरीर तो सोसूं शकतें. पन्नास सेंटिमीटरांचा हा फरक म्हणजे जीवन आणि मरण यांमधील फरक होय.

हें अंतर मिळवावयाचें कोठून ? गाडीच्या नाकांतून. नव्या मोटारीचें नाक मुद्दाम अशा रीतीनें घडविलेलें असतें कीं, तें ठराविक क्रमानें, घडी पडल्यासारखें, चुरत जावें आणि चुरतां चुरतां धक्क्याचा जोर खाऊन टाकावा. त्याच्यामागें, जेथें माणसें बसतात, तेथें मात्र अत्यंत कठीण पोलादाचा पिंजरा असतो; तो वांकतां कामा नये. जुन्या गाडीची उणीव जाडीची नव्हती. तिची उणीव अशी कीं, जेथें नमावयाचें तेथें ती ताठ राही, आणि जेथें ताठ राहावयाचें तेथें ती नमे. बॉनेटवरची टकटक बाहेरच्या पत्र्याची जाडी सांगते; खोलीच्या खांबांत काय आहे हें ती सांगत नाहीं.

पद्मिनीवर अमेरिकेंतील तो प्रयोग झालेला नाहीं, हें येथें नमूद केलें पाहिजे. तिची बांधणीहि बेल एअरहून वेगळी होती. परंतु तिचा मूळ आराखडा त्याच पिढीचा. चुरावयाचें नाक आणि न चुरणारी खोली हा भेद तो आराखडा करणाऱ्यांपुढें नव्हता; हवेच्या पिशव्या तर कोणाच्या स्वप्नांतहि नव्हत्या. यांत त्या कारागिरांचा दोष नाहीं. विचारच तेव्हां नुकता जन्माला येत होता.

त्या विचाराचा जन्महि मोठा मनोवेधक आहे. मर्सिडीज-बेंझ कंपनींतील बेला बारेनी या अभियंत्याला १९५२ सालीं जर्मनींत या कल्पनेचें पेटंट मिळालें कीं, गाडीचीं दोन टोकें नमतीं आणि मधली खोली कणखर असावी. तोंवर मोटार करणारे सर्वच ‘जितकें कठीण तितकें सुरक्षित’ असें मानीत. बारेनीच्या कल्पनेवर आधारलेली मर्सिडीज १९५९ सालीं बाजारांत आली. त्याच वर्षीं स्वीडनमध्यें व्होल्वो कंपनीच्या नील्स बोलिन यानें खांद्यावरून व कमरेवरून जाणारा, एका हातानें लावतां येणारा तीन टोकांचा पट्टा मोटारींत आणला. आणि कंपनीनें ती युक्ति इतर कारखानदारांनाहि वापरूं दिली. ज्या १९५९ सालीं अमेरिकेंत बेल एअरचे पंख लखलखत होते, त्याच सालीं युरोपांत हीं दोन साधीं दिसणारीं कामें झालीं. पंख पुढील कांहीं वर्षांतच जुने झाले. पट्टा आज जगांतील बहुतेक प्रत्येक मोटारींत आहे.

मात्र नवी गाडी नवी आहे एवढ्यावरच ती सुरक्षित ठरत नाहीं, हाहि धडा भारताला मिळालेला आहे. २०१४ च्या आरंभीं ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेनें भारतांत खपणाऱ्या पांच लहान मोटारींच्या सर्वांत स्वस्त आवृत्ति ताशीं ६४ किलोमीटर वेगानें आदळवून पाहिल्या. पांचहि गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या रक्षणाबाबत शून्य तारे मिळाले. त्यांपैकीं कांहींचा सांगाडाच टिकला नाहीं. कांहींचा टिकला, परंतु पिशव्या नसल्यामुळें चालकाचें डोकें व छाती स्टिअरिंगच्या चाकावर आपटली. त्या गाड्या त्या वेळीं अगदीं नव्या होत्या आणि दुकानांत चकाकत उभ्या होत्या. पुढें कायदे कडक झाले, ग्राहकहि विचारूं लागले, आणि डिसेंबर २०१८ मध्यें याच परीक्षेंत नेक्सॉनला पांच तारे मिळाले. भारतांत तयार झालेल्या मोटारीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. १ ऑक्टोबर २०२३ पासून देशाची स्वतःची ‘भारत एनकॅप’ ही परीक्षाहि सुरू झाली. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीनें रजा घेतली. हा निव्वळ योगायोग खरा, परंतु एक युग संपून दुसरें सुरू झाल्याचें इतकें नेमकें चिन्ह क्वचित् मिळतें.

येथवर निकाल नातीच्या बाजूनें गेला. परंतु आजीची बाजू संपूर्ण मांडल्याशिवाय निकाल न्याय्य होणार नाहीं. पद्मिनी बिघडली तर कोपऱ्यावरचा मिस्त्री पान्हा व पक्कड घेऊन ती दुरुस्त करी. भाग जीर्ण झाला तर तो घासून, ठोकून, पुन्हां बसवून वापरांत येई. एकाच गाडीनें बापाची आणि मुलाची नोकरी पाहिली अशीं उदाहरणें विरळा नाहींत. नवी गाडी बिघडली म्हणजे एक पिवळा दिवा लागतो आणि मालकाला त्याचा अर्थ कळत नाहीं. तो कळावयाला दुसरा संगणक लागतो. मोठ्या टकरींत ती माणसाला वांचविते खरी, परंतु स्वतः पुष्कळदां पुन्हां उभी राहत नाहीं. ज्ञान मालकाच्या आणि मिस्त्रीच्या हातांतून निघून कारखान्याच्या पेटींत बंद झालें, ही हानि खरी आहे, आणि ती हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पद्मिनी ताशीं सत्तर किलोमीटरांवर गेली कीं सर्वांगानें थरथरूं लागे. दारें वाजत, वारा शिरे, चाक हातांत कांपे. वेग काय वस्तु आहे हें ती आंत बसलेल्यांना सांगे, आणि चालक आपण होऊन पाय उचली. नवी मोटार शंभरावर असतांनाहि आंत गाणें ऐकूं येतें आणि मागील आसनावर मूल झोंपतें. धोका कमी झालेला नसतो. धोक्याचा आवाज तेवढा बंद झालेला असतो. ज्या यंत्रानें रक्षणाचीं इतकीं साधनें दिलीं, त्यानेंच भीतीची सूचना काढून घेतली. आणि मिळालेलें रक्षण अधिक वेगांत उधळून टाकण्याचा मोह मनुष्याला होऊं लागला.

सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं १६,७१५ जणांनीं पट्टा लावलेला नव्हता, आणि त्यांत चालक व इतर प्रवासी यांची संख्या जवळजवळ सारखी होती. त्याच वर्षीं ४ सप्टेंबर रोजीं मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यांत, एका पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून उद्योगपति सायरस मिस्त्री यांचें निधन झालें. गाडी महागडी होती, नव्या विद्येची होती. पुढें बसलेले दोघे वांचले. मागें बसलेल्या दोघांनीं पट्टे लावलेले नव्हते असें पोलिसांनीं सांगितलें. ते दोघेहि दगावले. नाक चुरून, खोली राखून, मोटारीनें आपलें काम केलें, तरी आंतला मनुष्य पट्ट्यानें तिच्याशीं बांधलेला नसेल तर तो आपल्या मूळ वेगानें पुढें फेंकला जातोच. मागील आसनावरच्या माणसानेंहि पट्टा लावावा असा कायदा आहे. परंतु मागें बसणें म्हणजे घरच्या दिवाणखान्यांत बसणें, अशी समजूत अजून सुटलेली नाहीं. ही समजूत पद्मिनीच्या काळची आहे. मांडीवर मूल घेऊन पुढें बसण्याची रीतिहि त्याच काळची. गाडी बदलली, पण बसण्याची पद्धति बदलली नाहीं, असें पुष्कळ घरांत दिसतें.

ताडपत्रीखालच्या गाडीचें मग करावें काय ? तिला मोडींत घालण्याची घाई कशाला ! कायद्याप्रमाणें तिचीं कागदपत्रें व प्रकृति नीट असेल, तर रविवारीं सकाळीं रस्ते मोकळे असतांना तिला हळू वेगानें फिरवून आणावें. नातवाला कार्ब्युरेटर उघडून दाखवावा. यंत्राला भ्यावयाचें नसतें, तें समजून घ्यावयाचें असतें, हा धडा देणारी तिच्यासारखी शिक्षिका नव्या गाड्यांत मिळणार नाहीं. परंतु लग्नाला, देवदर्शनाला, मुलाबाळांना घेऊन महामार्गावर निघावयाचें असेल, तेव्हां पत्र्याच्या जाडीवर भरंवसा ठेवूं नये. नवी गाडी घेणाऱ्यानेंहि रंग आणि आसनाचें कातडें पाहण्यापूर्वीं तिला टकरीच्या परीक्षेंत किती तारे मिळाले हें विचारावें, आणि निघण्यापूर्वीं मागच्या आसनावरील पट्टे लागल्याची खात्री करून घ्यावी.

आजोबांनीं विचारलें होतें कीं, टक्कर झाली तर माणूस कोणत्या गाडींत वांचेल. त्याचें उत्तर असें कीं, ज्या गाडीचें नाक जाईल आणि खोली राहील, त्या गाडींत. आणि तेंहि त्यानें पट्टा लावला असेल तर. हें उत्तर ऐकून आजोबा कदाचित् क्षणभर गप्प बसतील, पद्मिनीच्या बॉनेटवरून एकवार हात फिरवितील, आणि संध्याकाळीं मुलाच्या गाडींत मागें बसतांना खांद्याजवळचा पट्टा शोधूं लागतील. तो लावावयाला नातवानें मदत करावी.